क्राफ्टचा तास

पहिला घोट तोंडात गेला आणि मी तो गिळायचंच विसरले. जिभेच्या कडांशी तो तसाच धरून समोरच्या काचेपलीकडे उभ्या असलेल्या दोन तांबूस, चकचकीत टाक्यांकडे बघत बसले. शनिवारची दुपार होती, चारचा सुमार. धाकट्या बहिणीच्या पबमध्ये मी न कळवता आले होते. ती आत कुठेतरी कामात होती आणि मी बाहेर बसलेय हे तिला ठाऊक नव्हतं. फळ्यावर रंगीत खडूने तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘घरची सोनेरी. इथेच बनवलेली क्राफ्ट बिअर.’ आणि माझ्या ग्लासात जे होतं ते इथे बनलेलं नव्हतं. ते आमच्या कारखान्यात बनलं होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तीन मजली उंच टाक्यांमध्ये, जिथे मी एकोणीस वर्षं बिअर चाखायची नोकरी करतेय. एवढंच असतं तर मी मनात हसून सोडून दिलं असतं. पण दुसरा घोट घेतला तेव्हा घशाच्या मागून नाकात एक वास चढला, कच्च्या सफरचंदाचा, हिरव्या, नुकत्याच चावलेल्या फोडीचा, आणि मला टाकीसुद्धा कळली. अकरा नंबर. तीन आठवड्यांपूर्वीची. जिच्या कागदावर ‘चव योग्य’ असं लिहून खाली मी सही केली होती.

लोकांना वाटतं ही जादू आहे, किंवा बढाई. दोन्ही नाही. जिना चढून येणारं आपलं माणूस पावलांवरून ओळखू येतं, त्याला कुणी जादू म्हणत नाही. आमच्या घरी हे नाक फार लवकर उघडकीला आलं. आई दुधाचं पातेलं माझ्या तोंडासमोर धरायची आणि विचारायची, “बघ गं, नासायला आलंय का?” मी सहा-सात वर्षांची असेन. मी वास घ्यायचे आणि सांगायचे, संध्याकाळपर्यंत टिकेल, किंवा आत्ताच तापव. आणि तसंच व्हायचं. धाकटी तेव्हा चार वर्षांची, पायात घुटमळणारी, “मला पण, मला पण” करत पातेल्यात नाक बुडवायची आणि मिशी पांढरी करून घ्यायची. तिला काही कळायचं नाही, पण ती तोंड वाकडं करून सांगायची, “नासलंय!” रोज. आई म्हणायची, हिच्या भरवशावर राहिलो तर घरात चहा मिळायचा नाही. एका जागी बसणं तिला कधी जमलं नाही, म्हणून बाबांनी तिला भिंगरी नाव ठेवलं, आणि चाळिशीला आली तरी ते सुटलेलं नाही. माझा नवरा म्हणतो, तुझ्याशी लग्न केलं आणि चोरून सिगरेट ओढायचं सुख गेलं. गल्लीच्या तोंडाशी एक झुरका मारला तरी तू दार उघडायच्या आधी आतून ओरडतेस. खरं आहे ते. माझं नाक ही माझ्या आयुष्यातली एकमेव गोष्ट आहे जिच्याबद्दल मला कधी शंका आली नाही. म्हणजे, तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत.

शेजारच्या टेबलावर दोघं बसले होते. तो गळ्यात पातळ मफलर घातलेला, ती जाड भिंगांचा चष्मा लावलेली. ती फळा वाचत होती. दाढीवाला वेटर ग्लास ठेवायला आला तसं तिने विचारलं, “हे क्राफ्ट क्राफ्ट म्हणतात, ते म्हणजे नक्की काय हो?” सरळ प्रश्न होता, चेष्टा नव्हती. दाढीवाला थोडा सरसावला. “क्राफ्ट म्हणजे मॅडम, हाताने बनवलेली. थोडी थोडी, मन लावून. कारखान्यात कसं, बटण दाबलं की धो धो. इथे तसं नाही.” मी माझ्या हातांकडे बघितलं. बिअर कुणाच्याही हाताने बनत नाही. हात लागला तर बिघडते. माल्टचं गोड पाणी उकळायचं, हॉप्सची कडू फुलं टाकायची, थंड करायचं, यीस्ट सोडायचं आणि मग मुकाट्याने बाजूला व्हायचं. पुढचं सगळं ते यीस्ट करतं, आणि ते कारखान्यात आहे की काचेमागे, हे त्याला कुणी सांगायला जात नाही. आमच्याकडे बटण आहे, नाही कोण म्हणतं. पण बटणाच्या आजूबाजूला साठ माणसं आहेत, आणि त्यांतला एक जण तर बावीस वर्षं फक्त झडपा धुतोय आणि कुणी दुसऱ्याने धुतलेली झडप स्वतः पुन्हा धुतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. त्याला दाढीवाल्याने मन लावण्याबद्दल चार शब्द सांगून बघावेत.

मग मफलरवाल्याने घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, “बघ, हा हिरव्या सफरचंदाचा वास येतोय ना? हीच खरी खूण. कारखान्याच्या बिअरला असलं काही नसतं. ती सगळी सपाट.” तिने हुंगून बघितलं आणि मान डोलावली. “अगं बाई, हो. येतोय खरा.” आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कारण त्याचं नाक चांगलं होतं. त्याला जे लागलं ते बरोबर लागलं होतं, फक्त ती खूण कशाची हे त्याला माहीत नव्हतं. बिअर पुरती मुरली नाही, घाईने टाकीतून काढली, की तिला तो वास राहतो. आणखी दोन दिवस यीस्टच्या संगतीत ठेवली असती तर यीस्टनेच तो खाऊन टाकला असता. ती खूण क्राफ्टची नव्हती. ती माझी होती.

त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. साधी, नाक चोंदणारी, कपाळ जड करणारी सर्दी, जी सगळ्यांना होते आणि ज्यात माझ्याखेरीज कुणाचं काही अडत नाही. मला ज्यांनी शिकवलं त्या मास्तरांचा एकच नियम होता. सर्दी झाली की चाखायच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर स्वतःचं नाव लिहायचं आणि दिवसभर बाटल्यांची झाकणं तपासायला जायचं. “नाक बंद आणि तोंड उघडं, असला माणूस मला खोलीत नको,” म्हणायचे. ते निवृत्त झाले तरी फळा आहे, आणि लोक नावं लिहितात. मी लिहिलं नाही. कारण त्याच आठवड्यात नवं यंत्र आलं होतं, कपाटाएवढं, जे थेंबभर बिअर घेऊन आत काय काय आहे याचे आकडे कागदावर छापतं, आणि सगळे त्याच्याभोवती नव्या सुनेभोवती जमावं तसे जमले होते. कुणीतरी म्हणालं, आता ह्याला सर्दी व्हायची भीती नाही. सगळे हसले, मीही हसले, आणि रुमाल पिशवीत खोल दडपला. मग चार दिवस मी त्या पांढऱ्या खोलीत बसून ग्लासामागून ग्लास तोंडाला लावले आणि मला काहीही लागलं नाही. थंड, ओलं, बुडबुडे, बस्स. भिंतीला जीभ लावल्यासारखं. मी यंत्राचा कागद बघायचे, आकडे मर्यादेत असायचे, आणि मी लिहायचे, ‘चव योग्य.’ पाचव्या दिवशी सकाळी दात घासताना पेस्टचा वास आला आणि मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. कारखान्यात गेले, चारही दिवसांच्या राखून ठेवलेल्या बाटल्या काढल्या, एकटीने चाखल्या. तीन ठीक होत्या. चौथी अकरा नंबरची. हिरवं सफरचंद. यंत्राच्या दृष्टीने मर्यादेत, अगदी काठावर, पण मर्यादेत. टाकी तोवर रिकामी झालेली, केग, म्हणजे बिअरची पिंपं, भरली गेलेली, बरीचशी गाड्यांवर चढलेली. मी बाटली धुऊन पालथी घातली आणि कुणालाही काही बोलले नाही. कुणाची तक्रार आली नाही. ती येणारच नव्हती. अशी चूक फक्त करणाऱ्याला दिसते, आणि म्हणूनच मी ती अशी घडी घालून ठेवली होती की परत उलगडायची वेळ येणार नाही.

आणि इथे, बहिणीच्या टेबलावर, ती फेसाळत माझ्यासमोर आली होती, आणि लोक डोळे मिटून तिचं कौतुक करत होते.

“ताई? तू कधी आलीस?” भिंगरी काचेमागच्या दारातून बाहेर आली होती, रबरी बूट, कमरेला ओला ॲप्रन, केस वर बांधलेले. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ग्लासाकडे, आणि तिचा चेहरा एका क्षणात असा झाला की मला काही विचारायची गरज उरली नाही. लहानपणी कपाटामागे फुटकी बशी लपवल्यावर तो असाच व्हायचा. “कळवून तरी यायचं,” ती म्हणाली. “मी तुझ्यासाठी वेगळं काहीतरी काढलं असतं.”

“हे काय वाईट आहे?” मी म्हटलं. “लोक तर मिटक्या मारतायत.”

“चल, आत चल,” ती हळू आवाजात म्हणाली. “इथे नको.”

थंड खोलीत केगची रांग होती. प्रत्येकावर तिच्या पबची गोल चिठ्ठी, आणि चिठ्ठीखाली, एका कोपऱ्यात नीट न खरवडलेला आमच्या कारखान्याच्या लेबलाचा निळा तुकडा. आमचा निळा मी अंधारातही ओळखीन. दार बंद झाल्यावर ती केगवर बसली आणि बूट एकमेकांवर आपटत राहिली. मी उभीच. आमच्या तोंडून वाफ निघत होती.

“किती दिवस?” मी विचारलं.

“नऊ. दहा.” मग एकदम वर बघून, “पहिल्या सगळ्या बॅचेस माझ्याच होत्या हं. पाच महिने. त्या तू प्यायली आहेस. त्या चांगल्या होत्या की नाही?”

“होत्या.”

“ही बिघडली. काय झालं मला कळलंच नाही. आंबट झाली, आणि नुसती आंबट नाही, कसलीतरी घाणेरडी. सगळ्या नळांमध्ये हाच एक नळ चालतो, ताई. लोक येतात ते ‘घरची सोनेरी’ मागायला. फळ्यावरून ते नाव पुसायचं म्हणजे...” ती थांबली. “तुला नाही कळायचं. तुमच्याकडे एक टाकी गेली तर वीस आहेत.”

“म्हणून माझ्या टाकीतली?”

“मुद्दाम तुझ्या टाकीतली म्हणून नाही घेतली! बाजारात मिळते ती घेतली. सगळ्यांत साफ, सगळ्यांत...” आणि इथे ती कसनुसं हसली. “सगळ्यांत सपाट मिळते ती. म्हटलं, कुणाला काही खटकणार नाही. आणि झालं काय, तर लोक म्हणतात आधीपेक्षा जास्त छान झालीये! त्या दिवशी एकाने तर मला बोलावून सांगितलं, ह्या वेळी तुमच्या हाताची करामत दिसते म्हणून. मी काय बोलणार? थँक्यू म्हटलं.”

तेव्हा मला क्राफ्टचा तास आठवला. आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा असायचा, शेवटचा तास, कात्री आणि डिंक घेऊन. ती चौथीत होती, पुठ्ठ्याचं घर करून आणायला सांगितलं होतं, आणि ती आदल्या संध्याकाळपर्यंत अंगणात भिंगरीसारखी फिरत राहिली आणि मग रडायला बसली. मी सातवीत. मी घर केलं. उघडमिट होणाऱ्या खिडक्या केल्या, छपराला काड्यापेटीच्या काड्या लावल्या, आत दोन खोल्या. तिला पहिला नंबर मिळाला. बाईंनी ते घर वर्षभर कपाटावर ठेवलं, तिच्या नावाची चिठ्ठी लावून. आईला माहीत होतं. त्या रात्री ती मला जवळ घेऊन निजली. आणि मी रागावले होते का? मला आठवतं ते वेगळंच आहे. मला फार मोठं, फार भारी वाटलं होतं. माझ्यावाचून हिचं अडतं, हे माझ्या पोटात गोड गोळा होऊन बसलं होतं. आज इतक्या वर्षांनी थंड खोलीत उभं राहून मला कळलं की तो गोळा अजून तिथेच होता, आणि शेजारच्या टेबलावर त्या बिअरची तारीफ झाली तेव्हा शरमेच्या खाली, अगदी तळाशी, तो थोडा हललासुद्धा होता. त्याचीच मला जास्त शरम वाटली.

“ती आमच्या अकरा नंबरची आहे,” मी म्हटलं. “आणि ती चांगली नाहीये. तिला जो वास येतो ना, कच्च्या सफरचंदाचा, तो दोष आहे. मी सर्दीत चाखली. काही कळत नव्हतं आणि तरी सही केली. नंतर कळलं, तेव्हा गप्प बसले.”

भिंगरीचे बूट आपटायचे थांबले. “तू?”

“मी.”

“तू चुकलीस?” तिच्या आवाजात आनंद नव्हता. आश्चर्य होतं, जसं कुणी सांगावं की आपल्या घराला आणखी एक खोली आहे. मग ती हसायला लागली, आधी नाकातून, मग पोट धरून, केगवरून घसरेपर्यंत. “म्हणजे तुझी चूक मी माझी म्हणून विकतेय आणि लोक म्हणतात काय करामत! अगं, आपण दोघी म्हणजे एका माळेचे मणी गं!” मीही हसले. त्या थंडीत दातावर दात वाजत असताना आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. दाढीवाल्याने दार किलकिलं करून आत डोकावलं आणि पुन्हा बंद केलं.

हसणं संपलं तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, “मग आता? कुणाला कळणारे? तुला कळलं, कारण तू तू आहेस.”

“मला कळलं, एवढं पुरे नाही का?” मी म्हटलं. “तुझी बिघडलेली कुठे आहे?”

“टाकीतच आहे. दोन नंबर.” ती मान खाली घालून म्हणाली. “टाकून द्यायला होत नाही. रोज सकाळी वाटतं, सुधारली असेल.”

“उद्या सकाळी येते. तोवर त्या नळाला हात लावू नकोस.”

“शनिवार आहे, ताई! संध्याकाळी गर्दी—”

“नळ बंद आहे म्हणून सांग. बंद नळाने कुणी मरत नाही.”

नळ तिने खरंच बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा त्याच्या तोंडावर उलटा कप घातलेला होता.

रविवारी सकाळी आठला पबमध्ये वेगळाच वास असतो, ओल्या फरशीचा, शिळ्या फेसाचा, खुर्च्या टेबलांवर पालथ्या घातल्या की लाकडाच्या पोटातून येणारा. तिने दोन नंबरच्या टाकीतून अर्धा ग्लास काढला आणि माझ्या हातात दिला. मी जवळ नेण्याआधीच कळलं होतं, पण मी नीट हुंगलं, नीट चाखलं, कारण तिच्या कामाला तेवढा मान देणं भाग होतं. आंबट, आणि आंबटामागे खवट लोण्याचा चिकट थर. कधीही सुधारणार नाही अशी. पण त्या सगळ्याच्या खाली मला आणखी काहीतरी लागलं, माल्टचा भाजलेला, पावाच्या कडेसारखा खमंगपणा, आणि मी तो पुन्हा शोधला. “माल्ट बदललंस?” मी विचारलं.

“थोडं जास्त भाजलेलं घातलं ह्या वेळी. का?”

“छान आहे. ते तसंच ठेव. बाकी ही गेली.”

“गेली?”

“गेली. पूर्ण.”

तिने ओठ आत घेतले. “मी तीनदा धुतली होती टाकी. शपथ.” मी टाकी भरायच्या रिकाम्या पाइपाची झडप उघडायला लावली. पान्याने खोलली तेव्हा आतली रबरी चकती निघाली, आणि चकतीच्या खाचेत, नखाने खरवडल्याशिवाय दिसणार नाही असा, पिवळसर बुळबुळीत थर. मी तो तिच्या नाकाखाली धरला. तिने वास घेतला, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी तिला स्वतःच्या नाकाने काही ओळखताना पाहिलं. डोळे मोठे झाले. “हाच,” ती म्हणाली. “हाच वास, ताई! हाच आहे!”

“झडप दर वेळी खोलायची. आख्खी. आमच्याकडे एक माणूस बावीस वर्षं तेवढंच करतो.”

“मला वाटलं नुसतं गरम पाणी सोडलं की—”

“बटण दाबलं की धो धो?” मी म्हटलं, आणि तिने मला कोपराने ढोसलं.

मग आम्ही ती ओतून दिली. पाचशे लिटर. वाटतं तसं ते एकदम होत नाही. पाइप जमिनीतल्या जाळीवर सोडला आणि वीस-पंचवीस मिनिटं ती वाहत राहिली, सोनेरी, फेस काढत, सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसत. भिंगरी भिंतीला पाठ टेकून उकिडवी बसली होती. मध्येच म्हणाली, “मग तू सांग. तू एवढी शहाणी. क्राफ्ट म्हणजे काय?”

“मला नाही माहीत,” मी म्हटलं. “आमच्याकडे तसली पाटी नाही.”

“टाळू नकोस.”

मी बिअर वाहण्याचा आवाज ऐकत विचार केला. खरंच केला. लहान टाकी, मोठी टाकी, हात, बटण, काचेमागे असणं, ह्यांतलं काहीच मला पटत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की माझी बहीण तिने बनवलेली गोष्ट जमिनीत जाताना बघतेय आणि उठून जात नाहीये. आणि आमच्या अकरा नंबरला बघायला कुणीच बसलं नव्हतं. “ही जी आत्ता जातेय ना,” मी म्हटलं, “ही तुझी होती. एवढं मला सांगता येतं.” शेवटचा फेस जाळीत गुरगुरला तेव्हा ती उठली, फळ्यापाशी गेली, ओल्या फडक्याने ‘घरची सोनेरी’ पुसली आणि खाली लिहिलं, ‘आमची बिघडली. नवी महिन्याने.’ थोडा वेळ बघून तिने त्यात काही खाडाखोड केली नाही. अकरा वाजता दाढीवाला आला, त्याने फळा वाचला, आणि घाबरून विचारलं, “लोक विचारतील, काय सांगू?” ती म्हणाली, “बिघडली म्हणून सांग. आणि कुणी विचारलंच, तर मागचे दहा दिवस जी दिली ती आमची नव्हती, हेही सांग. तुला जड जात असेल तर मला हाक मार, मी सांगते.” ती हे अगदी खणखणीत आवाजात बोलली. मी पर्स उचलली. तिला माझी गरज नव्हती, आणि पोटातला तो जुना गोळा शोधून पाहिला तर सापडला नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मी पूर्ण रस्ताभर वास घेत आले, डिझेल, कुणाच्या तरी डोक्याचं तेल, शेजारच्या म्हातारीच्या पिशवीतली केळी. सगळं जागच्या जागी होतं.

सोमवारी कारखान्यात गेल्यावर मी आधी गोदामात गेले. अकरा नंबरचे अडतीस केग अजून तिथेच होते. मग जिना चढून साहेबांच्या खोलीत गेले. साहेब म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, सज्जन, आकड्यांवर विश्वास असलेला माणूस. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सर्दी, फळा, चार दिवस, राखून ठेवलेली बाटली, गोदामातले अडतीस केग. त्यांनी यंत्राचा कागद काढला, चष्मा कपाळावर सरकवला. “पण मर्यादेत आहे हो.”

“आहे. पण चव योग्य नाही. आणि ती योग्य आहे असं मी लिहिलंय.”

“बाजारात तीन आठवडे आहे. एकही तक्रार नाही.” ते खुर्चीत मागे रेलले, आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “बसा तरी. हे बघा, हे मी नोंदवलं तर ते अडतीस परत टाकीत, बाहेर गेलेले मागवायचे, आणि तुमचं नाव चाखणाऱ्यांच्या यादीतून काढावं लागेल. सहा महिने तरी. एकोणीस वर्षांनंतर. तेही नेमकं ते यंत्र आलेलं असताना. कळतंय ना?”

“कळतंय.” खरंच कळत होतं. सहा महिने झाकणं तपासायची. मास्तरांनी मला पहिल्या वर्षी ती इतकी तपासायला लावली होती की झोपेत बोटं गोल फिरायची. काही बिघडलं नव्हतं त्याने. नाक यादीत नसतं. ते माझ्याबरोबर घरी येतं.

“तक्रारच नाही तर नोंदवू कशाच्या आधारावर?” त्यांनी शेवटचा मार्ग दाखवला. “तक्रार करणारं कुणीतरी लागतं.”

“आहे,” मी म्हटलं. “कागद द्या.”

त्यांनी खणातून छापील फॉर्म काढून पुढे सरकवला. मी बसले आणि भरला. टाकीचा क्रमांक, तारीख, दोषाचं वर्णन. वर्णनाच्या ओळीत मी लिहिलं, कच्च्या सफरचंदाचा वास, दोन दिवस अपुरी मुरलेली. तक्रार करणाऱ्याचं नाव. जबाबदार व्यक्तीचं नाव. खाली सही. साहेबांनी फॉर्म फिरवून वाचला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा वाचला.

“दोन्हीकडे तुमचंच नाव पडलंय,” ते म्हणाले, घाईत चुकून लिहिलं असावं अशा सुरात, आणि नवा फॉर्म काढायला खणाकडे वळले.

“पडलेलं नाही,” मी म्हटलं. “लिहिलंय.”